शेवटच्या फ्रॉस्टआधी कोणती फुलझाडे लावावीत? (न्यू जर्सी, झोन ७अ)

रानजाई | ८ फेब्रुवारी

नमस्कार. आमचे घर मध्य न्यू जर्सीत आहे आणि घरामागे साधारण बारा फूट लांब व चार फूट रुंद असे तीन वाफे आहेत. भाजीपाल्याचे गणित मला आता बऱ्यापैकी जमते. फुलांच्या बाबतीत मात्र गेल्या वर्षी जे झाले त्याचा उलगडा अजून झालेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या भागात शेवटच्या फ्रॉस्टची (म्हणजे दव गोठून पांढरे पडते त्या रात्रीची) सरासरी तारीख २० एप्रिलच्या आसपास धरतात. धोका नको म्हणून मी त्यापुढे आणखी तीन आठवडे थांबले आणि मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सगळी लागवड एकदम केली. झिनिया, कॉसमॉस आणि झेंडू यांनी निराश केले नाही. दसऱ्याचे तोरण घरच्या झेंडूचे झाले. परंतु त्याच दिवशी, त्याच मातीत, तेच खत घालून लावलेल्या बाकीच्या फुलांची दैना झाली. लार्कस्परचे बी उगवलेच नाही. स्वीट पीचे वेल गुडघ्याएवढे झाले, चार-दोन फुले आली आणि जूनच्या शेवटी ते खालून पिवळे पडत गेले. स्नॅपड्रॅगनची रोपे वीतभर उंचीवरच तुरा काढून मोकळी झाली. पॅन्सी तर मी त्याच सुमारास एका रोपवाटिकेतून निम्म्या किमतीत आणली होती. किंमत निम्मी का होती, ते जुलै उजाडल्यावर कळले.

माझ्या शंका तीन आहेत. बियांच्या पाकिटावर ‘जमिनीत काम करता येऊ लागताच पेरा’ असे लिहिलेले असते, म्हणजे नेमके केव्हा? झोनचा आकडा आणि फ्रॉस्टची तारीख यांचा एकमेकांशी काय संबंध आहे? आणि समजा रोपे लवकर लावली आणि नंतर पारा उतरला, तर काय करायचे?

हिरवा_चाफा | ९ फेब्रुवारी

रानजाई, तुम्ही तारीख काटेकोर पाळलीत, पण ती तारीख या फुलांची नव्हतीच. शेवटच्या फ्रॉस्टची तारीख झेंडू, झिनिया, टोमॅटो, मिरची अशा झाडांसाठी असते, ज्यांच्या पानांतले पाणी एकदा गोठले की रोप काळे पडून संपते. लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, स्वीट पी, स्नॅपड्रॅगन, पॉपी, कॅलेंडुला ही मंडळी थंडीला भीत नाहीत. ती उकाड्याला भितात. त्यांची मुदत जिथे संपते तो दिवस वसंताच्या तोंडाशी नसून पलीकडच्या टोकाला, रात्रीसुद्धा उकडायला लागते तिथे असतो, आणि आपल्या भागात तो जूनच्या मध्याच्या आसपास येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या स्वीट पीच्या वाट्याला त्या हिशेबाने जेमतेम पाच आठवडे आले. तेवढ्यात त्याने मुळे धरावीत, वेल चढवावा की फुलावे?

मी आग्नेय पेनसिल्व्हेनियात गेली चौदा वर्षे बाग करतो आणि पहिली तीन वर्षे मीही हेच केले आहे.

आता झोनचे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा एवढेच सांगतो की तुमच्याकडच्या हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र सरासरीने किती थंड असते. २०२३ सालची आवृत्ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेली आहे आणि तिच्यात प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, तर अ आणि ब हे उपविभाग ५ अंशांचे आहेत. त्यात तारखेचा मागमूसही नाही. एकाच झोनमधल्या दोन गावांत शेवटचा फ्रॉस्ट तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने असू शकतो. म्हणून शरद ऋतूत लावलेले रोप हिवाळा काढेल का, हे झोनला विचारायचे आणि वसंतात रोप केव्हा बाहेर न्यायचे, हे फ्रॉस्टच्या तारखेला.

त्या तारखेचीही एक गोम आहे. २० एप्रिल ही सरासरी असेल, तर त्याचा अर्थ असा की दर दोन वर्षांपैकी एका वर्षी त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो. हवामान खात्याच्या तक्त्यांत ३६, ३२, २८, २४ अंश फॅरनहाइट (३२ला पाणी गोठते) अशा वेगवेगळ्या तापमानांसाठी आणि दहा टक्के, पन्नास टक्के, नव्वद टक्के अशा वेगवेगळ्या शक्यतांसाठी स्वतंत्र तारखा दिलेल्या असतात. झेंडूसाठी ३२ अंशांच्या रकान्यातली दहा टक्क्यांची (जिच्यानंतर तेवढ्या थंडीची शक्यता दहा टक्केच उरते ती) तारीख पाहावी, म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी थांबलात ते झेंडूपुरते योग्यच होते. थंडी सोसणाऱ्या रोपांसाठी ३२चा रकाना सोडून २४चा रकाना पाहावा. तो पाहिलात की मार्च महिना एकदम मोकळा वाटू लागतो.

तापमापक जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असतो आणि रोपे जमिनीलगत असतात, हेही ध्यानात ठेवावे. आभाळ निरभ्र असून वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभर उष्णता वर फेकत राहते. अशा रात्री हवेचे तापमान ३६ अंश असतानाही गवतावर आणि गाडीच्या काचेवर पांढरा थर सापडतो. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून पाण्यासारखी वाहत जाऊन सखल भागात साठते. माझ्या अंगणात कुंपणाच्या कोपऱ्यातल्या वाफ्यावर पांढरे पडलेले असते, तेव्हा वीस पावलांवरच्या भिंतीलगतच्या वाफ्यावर काहीच नसते. स्वीट पी भिंतीलगतच लावावे.

पाकिटावरच्या त्या वाक्याला आपल्याकडे एका शब्दाचे उत्तर आहे: वाफसा. हिमाचे पाणी मुरून जमिनीला वाफसा आला की पेरणी करायची. मूठभर माती घट्ट दाबून तिचा गोळा करावा आणि अंगठ्याने टोचावा. गोळा भुगा होऊन पडला तर वाफसा आला आहे. तो लोण्यासारखा दबला तर मुकाट्याने घरात यावे, कारण चिखलात काम केलेल्या मातीची जी ढेकळे होतात ती वर्षभर फुटत नाहीत. आपल्याकडे ही वेळ कधी फेब्रुवारीच्या शेवटी येते, तर कधी मार्चच्या विसाव्या तारखेला.

रानजाई | ९ फेब्रुवारी

वाफसा! आजोबांच्या तोंडी रोज असलेला शब्द, आणि मी वर्षभर पाकिटावरच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ लावत बसले होते.

हिरवा_चाफा, यंदा मला नेमके केव्हा काय करावे लागेल, हे तारखांसह सांगू शकाल का?

हिरवा_चाफा | १० फेब्रुवारी

२० एप्रिल धरून मागे मोजू या. स्नॅपड्रॅगनचे बी घरात आठ ते दहा आठवडे आधी टाकतात, म्हणजे या आठवड्यातच. ते बी राईहून कितीतरी बारीक असते आणि त्याला उगवायला उजेड लागतो, त्यामुळे ते मातीने झाकू नये, नुसते दाबावे आणि पाणी वरून न घालता ट्रेमध्ये खालून द्यावे. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. खुडताना जीव कासावीस होतो, पण त्याशिवाय फुटवे येत नाहीत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रोपे बाहेर लावून टाकावीत. स्वीट पीचे बी रात्रभर भिजवून, मुळे लांब जातात म्हणून खोल कुंड्यांत, फेब्रुवारीच्या शेवटी टाकावे आणि तेही मार्चअखेर बाहेर न्यावे.

लार्कस्पर घरात करण्याच्या भानगडीत पडू नका. त्याला उगवायला १३ सेल्सिअसच्या खालची थंड माती आणि अंधार लागतो. मेच्या उबदार मातीत तुमचे बी झोपून राहिले ते त्यामुळेच. पाकीट आठवडा-दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे आणि वाफसा येताच पाव इंच मातीखाली पेरावे. कॉर्नफ्लॉवर आणि नायजेलाही त्याच दिवशी पेरावे (नायजेला ही आपल्या कलौंजीची सख्खी चुलत बहीण आहे आणि बोंडे पाहिली की नाते लगेच पटते). पॉपीचे बी खसखशीएवढेच असते. ते वाळूत मिसळून फोकावे आणि झाकू नये. कॅलेंडुला मार्चच्या मध्यानंतर पेरला तरी चालतो. पॅन्सी बियांपासून करायला तीन महिने लागतात, त्यामुळे ती विकतच आणावी, पण मार्चमध्ये, मेमध्ये नव्हे.

थंडीतल्या या फुलांत ‘स्टॉक’ नावाचे फुलझाड सर्वांत हट्टी आहे. कोवळ्या वयात काही आठवडे थंडी मिळाली नाही, तर ते झाड पानांचे झुडूप होऊन उभे राहते आणि कळीच धरत नाही. पहिल्या वर्षी ते वगळलेत तरी चालेल.

उत्तरवारा | ११ फेब्रुवारी

मिनेसोटातून लिहितो आहे. आमच्याकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फ्रॉस्टचा भरवसा नसतो, आणि नंतर उन्हाळा असा धावत येतो की या फुलांना मधला काळ फारच थोडा मिळतो. घरात दिव्यांखाली ट्रे मांडायलाही माझ्याकडे जागा नाही. त्यामुळे मी जानेवारी-फेब्रुवारीतच बी बाहेर पेरतो, बर्फातच.

दुधाचा एक गॅलनचा रिकामा, अर्धपारदर्शक जग घ्यावा. मुठीच्या खालच्या बाजूने तो आडवा कापावा, पण एका बाजूला बिजागरीसारखा जोड राहू द्यावा. तळाला स्क्रूड्रायव्हरने सात-आठ भोके पाडावीत. आत चार इंच भिजलेली कुंडीची माती भरून बी टाकावे, जग पुन्हा मिटवून चिकटपट्टी लावावी आणि टोपण फेकून द्यावे, कारण पाऊस आणि बर्फ त्याच तोंडातून आत जायला हवा. मग तो अंगणात ठेवून विसरून जावे. बी आत गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि आपली वेळ आपणच ठरवते. मार्चमध्ये एखाद्या उन्हाच्या दिवशी तोंडातून डोकावून पाहिले तर हिरवे ठिपके दिसतात, आणि बाहेर मात्र अजून गुडघाभर बर्फ असतो. ही रोपे उघड्यावरच वाढलेली असल्यामुळे त्यांना बाहेरच्या हवेची वेगळी सवय लावावी लागत नाही.

फक्त जगावरचे नाव पक्क्या शाईने लिहा, आणि तेही बुडाशी. माझ्या एका वर्षाच्या चौदा जगांवरची नावे उन्हाने उडून गेली आणि मी जूनपर्यंत कॉर्नफ्लॉवरला पॉपी समजून पाणी घालत होतो.

बाभूळबन | १२ फेब्रुवारी

डॅलसमध्ये हे सगळे चित्र उलटे असते आणि हिरवा_चाफा यांचे म्हणणे इथे जास्तच स्पष्ट दिसते. आमचा शेवटचा फ्रॉस्ट मार्चच्या मध्याच्या आसपास असतो आणि मेमध्ये उकाडा सुरू होतो. वसंतात लागवड करणाऱ्याला इथे ही फुले दिसतच नाहीत. आम्ही लार्कस्पर, पॉपी आणि टेक्सासचे राज्यफूल असलेले ब्लूबॉनेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतो, पॅन्सी आणि स्नॅपड्रॅगनची रोपेही तेव्हाच लावतो. वर काही वाढ दिसत नाही, पण मुळे हिवाळाभर काम करत असतात. मार्च-एप्रिलमध्ये फुले येतात आणि मेमध्ये सगळे उपटून मी तिथे झिनिया लावते.

२०२१ च्या फेब्रुवारीत १६ तारखेला इथल्या विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे १९ सेल्सिअस नोंदले गेले. त्याआधी बर्फ पडला होता आणि माझ्या पॅन्सी त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या होत्या. आठवड्याने बर्फ वितळला तेव्हा त्या चपट्या झालेल्या, पण हिरव्या सापडल्या. ओसरीच्या छपराखाली, जिथे बर्फ पोचला नाही, तिथल्या कुंड्यांतल्या पॅन्सी मात्र एकजात मेल्या. बर्फ ही गोधडी असते, हे वाक्य मी त्याआधी नुसते वाचले होते.

रानजाई, तुमचा झोन ७अ आहे, म्हणजे तुम्हालाही सप्टेंबरमधली लागवड साधायला हवी.

हिरवा_चाफा | १२ फेब्रुवारी

साधते, पण वेळ आवळावी लागते. आपला पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो. रोपे त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी जमिनीत असावीत. शिवाय नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्या अक्षांशावर दिवस दहा तासांहून लहान असतो आणि त्या काळात वाढ जवळजवळ थांबते. रोप तोवर मुळाने घट्ट आणि अंगाने लहान हवे. मोठे, लुसलुशीत रोप आधी मरते. जमीन गोठली-वितळली की मुळासकट रोप वर उचलले जाते, म्हणून पाचोळ्याचे आच्छादन जमीन गोठल्यावर घालावे, आधी घातले तर उंदरांची सोय होते.

राईनकाठ | १४ फेब्रुवारी

जर्मनीत तारखेचा प्रश्न पंचांगानेच सोडवलेला आहे. ११ ते १५ मे या पाच दिवसांना ‘आइसहायलिगे’, म्हणजे बर्फाचे संत म्हणतात, आणि शेवटचा दिवस ‘थंड सोफी’चा. सोफी गेल्याशिवाय टोमॅटो आणि जिरेनियम बाहेर काढू नयेत, असा इथल्या शेजारणींचा दंडक आहे. गंमत अशी की १५८२ मध्ये दिनदर्शिका दहा दिवसांनी पुढे ढकलली गेली आणि संतांचे दिवस मात्र त्याच तारखांना राहिले, त्यामुळे जुन्या लोकांचा अनुभव आजच्या मेच्या वीस-पंचवीस तारखेचा असावा. तरीही दंडक टिकून आहे.

परंतु त्याच शेजारणींच्या खिडकीत पॅन्सी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलेली असते. तिचे जर्मन नाव ‘सावत्र आई’ या अर्थाचे आहे, ते का, याचा किस्सा पुन्हा कधीतरी. सोफीचा नियम कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे इथे कुणी समजावून सांगत नाही, सगळ्यांना ते ठाऊकच असते.

पर्वती_पायथा | १५ फेब्रुवारी

पुण्याहून लिहितो. आमच्याकडे फ्रॉस्ट नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी एखाद्या हिवाळ्यात येते, तेवढीच. त्यामुळे या चर्चेत बोलण्याचा मला अधिकार किती, हा प्रश्न आहे. पण तुम्ही घेतलेली सगळी नावे माझ्या गच्चीत या क्षणी फुललेली आहेत. अँटिरिनम (तुमचा स्नॅपड्रॅगन), लार्कस्पर, पॅन्सी, स्वीट पी, कॅलेंडुला. पावसाळा सरता सरता बी टाकायचे, दिवाळीच्या सुमारास रोपे कुंड्यांत हलवायची आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला फुले तयार. शिमग्यानंतर ही झाडे आपोआप आटोपतात.

रानजाई, तुमची फुले परदेशी असली, तरी त्यांना हवा असलेला ऋतू पुण्यातल्या डिसेंबरसारखा आहे. तुमच्याकडे तो एप्रिल-मेमध्ये येतो. तेव्हा ती जमिनीत असली पाहिजेत.

आणखी एक. थंडीची लाट आली की निफाडकडचे द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी देतात. ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. तुम्हीही कडाक्याच्या आदल्या दुपारी वाफे भिजवून पाहा.

रानजाई | १५ फेब्रुवारी

काका, तुमच्या प्रतिसादाने गणित एकदम सोपे झाले. आईदेखील हीच झाडे दिवाळीतच लावत असे. मी इथे आल्यावर ‘फुलझाडे उन्हाळ्यात’ असे डोक्यात कसे बसवून घेतले, कोण जाणे.

रानजाई | २९ मार्च

रविवारी, २३ तारखेला स्नॅपड्रॅगनची अठरा आणि स्वीट पीची बारा रोपे बाहेर लावली. त्याआधी नऊ दिवस ती रोज थोडा थोडा वेळ ओसरीत ठेवत होते. लार्कस्पर ६ मार्चलाच पेरला होता आणि त्याची कोथिंबिरीसारखी पाने दिसू लागली आहेत. आता उद्या रात्रीचा अंदाज २४ अंशांचा आहे, आभाळ निरभ्र, वारा नाही. रोपे उपटून आत आणू का?

हिरवा_चाफा | २९ मार्च

मुळीच नाही. उद्या दुपारी वाफे भिजवा. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत तारेच्या कमानी रोवून त्यांवर फ्रॉस्टचे पांढरे कापड टाका आणि कडा विटांनी दाबा. जमिनीतून वर येणारी ऊब अडवणे हेच त्या कापडाचे काम आहे, त्यामुळे रोपावर टोपीसारखे बांधून उपयोग नाही. प्लॅस्टिक वापरलेच तर पानांना टेकू देऊ नका. बाहेरच्या हवेला सरावलेल्या रोपाच्या पेशींत साखर वाढलेली असते आणि ती सहजासहजी गोठत नाही. लार्कस्परला झाकायचीही गरज नाही.

सकाळी जे दिसेल त्याने घाबरू नका आणि दहा वाजेपर्यंत कशालाही हात लावू नका. गोठलेले पान बोट लागले तरी मोडते.

रानजाई | ३१ मार्च

सकाळी साडेसहाला टॉर्च घेऊन गेले. कापड पापडासारखे कडक झाले होते. एका कडेने उचलून पाहिले, तर स्नॅपड्रॅगनची पाने गडद, काळपट हिरवी आणि ओल्या कापडासारखी लोंबलेली. मी मनातून सगळे सोडून दिले आणि कामाला बसले. अकरा वाजता पुन्हा गेले, तेव्हा अठरापैकी सतरा रोपे ताठ उभी होती. अठरावे कापडाच्या बाहेर राहिले होते. त्याचा शेंडा जळाला आहे, पण खालच्या पेरातून दोन फुटवे निघताना दिसतात. म्हणजे खुडण्याचे काम परस्पर झाले.

न झाकलेल्या लार्कस्परला काहीही झालेले नाही. कुंपणाच्या कोपऱ्यातल्या दोन पॅन्सी मात्र कुणीतरी देठापाशी कुरतडून नेल्या आहेत, आणि तो दोष थंडीचा नसून सशाचा आहे.

उत्तरवारा | ३१ मार्च

आमच्याकडे अजून बर्फ आहे. अकरा जगांपैकी चारांत हिरवे दिसते. यंदा नावे बुडाशी लिहिली आहेत.

रानजाई | १८ जुलै

स्वीट पी मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या वीस तारखेपर्यंत रोज ओंजळभर मिळत होते. मग उकाडा आला आणि मी वेल काढून टाकले. स्नॅपड्रॅगनचे दांडे दोन फुटांचे झाले. लार्कस्पर कमरेएवढा वाढून फुलला, आणि आता त्याच्या शेंगा तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागल्या आहेत. बी कागदी पाकिटांत भरते आहे. सप्टेंबरच्या शेवटी निम्मे पेरेन आणि निम्मे मार्चसाठी फ्रीजमध्ये ठेवेन, म्हणजे कोणते चांगले येते ते एकाच वाफ्यात कळेल.

बी मला पुरून उरेल. अमेरिकेतल्या कुणाला हवे असल्यास इथे कळवावे. लहान मुले असतील तर मात्र जपून ठेवावे लागेल, कारण लार्कस्परचे बी विषारी असते आणि दिसायला थेट काळ्या तिळासारखे असते.